चुन्याची निवळी आणि रोल नंबर अठरा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझं सगळं आयुष्य सिमेंटमध्ये गेलं, त्यावर पंधरा मिनिटं बोल." आणि वेळ दिली वडाभातानंतरची. म्हणजे पुढच्या दोन रांगा सोडल्या तर बाकीचे झोपणार हे गृहीत धरूनच दिली असावी. तरी प्रयत्न करतो.

सुरुवात आपल्याच प्रयोगशाळेपासून करतो. तुम्हाला आठवत असेल, विज्ञानाच्या सरांनी एका परीक्षानळीत चुन्याची निवळी घेतली होती आणि काचेच्या नळीतून तिच्यात फुंकायला सांगितलं होतं. निवळी दुधाळ झाली. सर म्हणाले, "हा कार्बन डायऑक्साइड." आपण जर्नलमध्ये साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असं सगळं लिहिलं आणि विसरून गेलो. मला मात्र पुढे सदतीस वर्षं त्याच वायूनं पोसलं आणि छळलंही.

सिमेंट करायचं म्हणजे तो प्रयोग उलट दिशेनं करायचा. चुनखडीचा दगड दळायचा, त्यात थोडी माती आणि लोहखनिज मिसळायचं आणि फिरत्या भट्टीत साधारण १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजायचं. दगडात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि चिमणीतून निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ५६ किलो चुना उरतो, ४४ किलो वायू होऊन जातो. हे गणित आपण नववी-दहावीत सोडवलेलं आहे. भट्टीतून जे गोळे निघतात त्यांना क्लिंकर म्हणतात. ते जिप्समबरोबर दळले की झालं सिमेंट.

आता यातली अडचण बघा. भट्टीत कोळसा जळतो, त्याचा धूर होतो, हे सगळ्यांना समजतं. पण भट्टीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण साठ टक्के कोळशाचा नसतोच, तो दगडाचा असतो. एक टन क्लिंकरमागे निव्वळ दगडातून सुमारे ५२५ किलो. कोळशाऐवजी उद्या तुम्ही कितीही स्वच्छ इंधन जाळा, दगड आपलं देणं देणारच. जगात माणसामुळे जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. आणि हे रसायनशास्त्र सगळ्या कंपन्यांना सारखंच लागू आहे. माझ्या कंपनीचा दगड प्रामाणिक आणि शेजारच्या कंपनीचा लबाड, असं काही नसतं.

शेजारची कंपनी म्हटलं आणि तिसऱ्या रांगेत एक जण हसला. तो रोल नंबर अठरा. मी सतरा. सहावीपासून पहिला आणि दुसरा नंबर आमच्या दोघांत फिरायचा. गावात लोक आमच्या वडिलांना विचारायचे, "यंदा कोण?" त्याचं नाव मी घेत नाही. त्याची आज सकाळीच परवानगी काढली आहे, पण नावाशिवाय बोलायची.

एक गोष्ट आज इथे सांगायची आहे. पंचेचाळीस वर्षं ती फक्त तिघांना माहीत होती. दहावीच्या पूर्वपरीक्षेआधी अठराला टायफॉइड झाला. तीन आठवडे तो शाळेत नव्हता. बरा झाल्यावर तो सायकलवर माझ्या घरी आला आणि प्रयोगाचं जर्नल मागितलं. मी म्हणालो, "सरांकडे तपासायला दिलंय." जर्नल माझ्या दप्तरात होतं. तो काही बोलला नाही, पाणी पिऊन गेला. त्या पूर्वपरीक्षेत मी पहिला आलो, दोन गुणांनी.

सरांना हे कसं कळलं कोण जाणे. कदाचित अठरा जर्नल बघायला त्यांच्याकडे गेला असेल. सर मला रागावले नाहीत. व्हरांड्यात थांबवून एवढंच म्हणाले, "अरे, प्रयोग सगळ्यांचा एकच असतो. निरीक्षणं लपवून काय मिळतं? निष्कर्ष आपापला लिहायचा असतो." तेव्हा मला ते नुसतं बोलणं खाल्ल्यासारखं वाटलं. अर्थ कळायला सिमेंटच्या धंद्यात यावं लागलं.

पुढे दोघंही इंजिनिअर झालो आणि चंद्रपूर जिल्ह्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांत लागलो. तुम्हाला माहीतच आहे, तिकडे चुनखडी आहे, कोळसा आहे आणि औष्णिक वीज केंद्राची राखही आहे, त्यामुळे सिमेंटचे कारखाने शेजारी शेजारीच आहेत. आमच्या दोन कारखान्यांच्या चिमण्या एकमेकींना दिसायच्या. बाजारात आमचे डीलर एकाच रस्त्यावर समोरासमोर. पोत्यामागे एक रुपया इकडे-तिकडे झाला तरी सेल्सचे लोक भांडायला उठायचे.

एका उन्हाळ्यात रात्रपाळीला आमच्या भट्टीच्या पत्र्यावर लाल डाग दिसला. आतल्या अग्निरोधक विटा पडल्या की बाहेरचा पत्रा तापून लाल होतो. भट्टी थांबवावी लागली. थंड झाल्यावर बघतो तर पडलेल्या विटांचा पट्टा आमच्याकडच्या साठ्यापेक्षा मोठा. नवीन विटा यायला आठवडा गेला असता. मी रात्री अकराला अठराच्या कॉलनीतल्या घरी फोन केला. त्यानं त्याच्या साहेबांना झोपेतून उठवलं, परवानगी घेतली आणि सकाळी दहाला विटांचा ट्रक आमच्या गेटवर उभा. गेटपासवर लिहिलेलं, "उसनवार, परत करणे." आम्ही पुढच्या महिन्यात मोजून परत केल्या. कारखान्या-कारखान्यांत हे चालतं, कारण भट्टी सगळ्यांचीच कधी ना कधी बंद पडते. आणि बंद पडलेली भट्टी पुन्हा तापवायला जे इंधन लागतं, त्यातून एक गोळाही क्लिंकर मिळत नाही. तो धूर फुकटचा.

त्यानंतर काही वर्षांनी एका परिसंवादात मी निबंध वाचला. विषय होता, आमच्या भट्टीचा इंधनखर्च कसा कमी झाला. आकडा छान दिसत होता, टाळ्या पडल्या. त्या आकड्यात मी एक गोष्ट केली होती. भट्टी थंड असताना ती तापवायला लागलेलं इंधन मी धरलं नव्हतं. त्या काळी बरेच जण धरत नसत. कोणी ओल्या कोळशाच्या हिशेबानं सांगायचं, कोणी सुक्या कोळशाच्या. प्रत्येक जण आपापल्या परिसंवादात पहिला. चहाच्या वेळी अठरा जवळ आला, कपबशी हातात घेऊन हळूच म्हणाला, "काय बे, जर्नल अजून सरांकडेच आहे का?"

माझ्या हातातला चहा सांडायचा राहिला. म्हणजे याला त्या दिवशीच कळलं होतं. हे मनात ठेवूनही त्यानं त्या रात्री विटा पाठवल्या होत्या.

मित्रहो, इथून पुढे मी थोडं जगाचं सांगतो, पण गोष्ट हीच आहे.

१९९९ मध्ये काही मोठ्या सिमेंट कंपन्या जिनिव्हाच्या एका जागतिक उद्योगमंचाच्या छत्राखाली एकत्र आल्या. होल्सिम, लाफार्ज, सेमेक्स, हायडेलबर्ग, जपानची ताईहेयो अशा दहा कंपन्यांनी २००२ मध्ये एक कार्यक्रम जाहीर केला. बाजारात एकमेकींचा घास काढून घेणाऱ्या या कंपन्या. त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल? नवीन यंत्र नाही आणलं. त्यांनी मोजायची पद्धत ठरवली. एक टन सिमेंटमागे किती कार्बन डायऑक्साइड, हे सांगताना काय धरायचं, काय सोडायचं, कोळशाचं मूल्य कसं काढायचं, दगडाचा वाटा कसा मांडायचा, याची एकच नियमावली २००१ मध्ये तयार झाली. पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या. माझ्यासारख्यांची पळवाट तिथे बंद झाली.

मग प्रश्न आला आकड्यांचा. तुमच्या भट्टीत किती इंधन लागतं, किती क्लिंकर निघतं, हे प्रतिस्पर्ध्याला कळलं तर त्याला तुमचा उत्पादनखर्च कळतो. खर्च कळला की भावाचा अंदाज येतो. म्हणून कायद्यानंही स्पर्धकांनी असे आकडे एकमेकांना सांगणं धोक्याचं आहे. यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. प्रत्येक कंपनी आपले आकडे एका स्वतंत्र हिशेबनिसांच्या संस्थेकडे देते. ती संस्था सगळे एकत्र करते आणि फक्त सरासरी आणि क्रम छापते, नावं न टाकता. तुम्हाला तुमचा कारखाना रांगेत कुठे आहे ते दिसतं, बाकीच्या ठिपक्यांवर नाव नसतं. बोर्डाच्या परीक्षेत पेपर तपासणाऱ्याला आपलं नाव दिसत नव्हतं, तसंच हे.

आमची कंपनी यात आली त्या वर्षी तो आलेख मी पहिल्यांदा बघितला. परिसंवादात टाळ्या घेतलेली आमची भट्टी रांगेच्या मागच्या बाजूला होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण दुसऱ्या दिवशी कंपनीत मी जे मागितलं ते मिळालं. आधी पाच वर्षं मी साहेबांकडे नवीन कूलरसाठी पैसे मागत होतो आणि उत्तर यायचं, "आपण तर सगळ्यात चांगले आहोत ना?" तो आलेख टेबलावर ठेवल्यावर हे उत्तर देता येईना. सगळ्यांनी मिळून मोजल्यामुळे आमच्यात खरी स्पर्धा सुरू झाली.

मग २०१२ मध्ये आपल्या केंद्र सरकारनं या स्पर्धेत पैसा आणला. 'पॅट' नावाची योजना. पहिल्या फेरीत आठ उद्योगांतले ४७८ कारखाने होते, त्यात सिमेंटचे ८५. प्रत्येक कारखान्याला त्याच्याच जुन्या आकड्यावरून लक्ष्य दिलं, टन मालामागे इतकी ऊर्जा कमी करा. जास्त कमी केली तर प्रमाणपत्रं मिळतात आणि ती विकता येतात. कमी पडलात तर विकत घ्यायची. २०१७ मध्ये वीज बाजारात त्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. आमच्या कारखान्याला पहिल्या फेरीत घ्यावी लागली. कोणाकडून घेतली हे तिथे कळत नाही, पण अठरानं मला फोन करून विचारलं, "काय, चेक लिहिला का?" आजवर तो मला सांगत नाही की ती त्याच्या कारखान्याची होती का. २०२३ मध्ये याच वाटेनं पुढे जाऊन कार्बनच्या व्यापाराची योजना आली. आता ऊर्जेऐवजी थेट वायूचाच हिशेब मागितला जाईल.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, चला, सगळे शत्रू मित्र झाले, गोड शेवट. तसं नाही. त्याच २०१२ मध्ये, जून महिन्यात, भारतीय स्पर्धा आयोगानं अकरा सिमेंट कंपन्यांवर सहा हजार कोटी रुपयांहून जास्त दंड लावला. आरोप असा की कंपन्यांनी संगनमत करून उत्पादन आवरलं आणि भाव चढे ठेवले. कंपन्यांनी तो अमान्य केला आणि प्रकरण अपिलात गेलं. पण बघा, एकाच वर्षी एकाच उद्योगाबद्दल सरकार एका दारातून म्हणतंय, एकमेकांकडून शिका, आणि दुसऱ्या दारातून म्हणतंय, एकत्र बसू नका. मला आधी हा विरोधाभास वाटायचा. आता वाटत नाही.

परदेशातलं एक उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. २०२१ मध्ये युरोपीय आयोगानं बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन या कंपन्यांना मिळून सुमारे ८७ कोटी ५० लाख युरोचा दंड केला. हा कार्बनचा नव्हे, डिझेलच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा विषय होता. डाइमलरसह या कंपन्यांचे तज्ज्ञ तांत्रिक बैठकांना बसत. धूर कायद्याच्या मर्यादेपेक्षाही जास्त स्वच्छ करण्याचं तंत्र त्यांच्याकडे होतं. पण त्यांनी आपसात असं ठरवलं की त्या बाबतीत एकमेकांशी स्पर्धा करायचीच नाही. डाइमलरनं स्वतः माहिती दिली म्हणून ती दंडातून सुटली. म्हणजे सहकार्य होतं, बैठका होत्या, कदाचित चहाही चांगला असेल. पण ते सहकार्य पहिला नंबर कोणी काढू नये यासाठी होतं. आपल्या वर्गात मी आणि अठरानं ठरवलं असतं की दोघंही पासष्ट टक्क्यांवर थांबू, म्हणजे अभ्यास कमी लागेल, तर सरांनी आम्हाला मित्र म्हटलं असतं का?

सदतीस वर्षांनी मला समजलं ते एवढंच. मोजमाप एकत्र करावं. सुरक्षिततेचे धडे, अपघाताची माहिती, मालाचं मानक हे सगळं उघड असावं. विटा उसन्या द्याव्यात. पण धावायचं प्रत्येकानं आपल्या पायांनी, आणि भाव तर कधीच एकत्र बसून ठरवायचा नाही. सरांच्या शब्दांत, निरीक्षणं सगळ्यांची, निष्कर्ष आपापला.

मानकाचं का म्हणालो तेही सांगतो. कार्बन कमी करायचा सगळ्यात सरळ उपाय म्हणजे पोत्यात क्लिंकर कमी घालणं. वीज केंद्राची राख मिसळून पीपीसी होतं, पोलाद कारखान्याची मळी मिसळून स्लॅग सिमेंट होतं. आता तिसरी गोष्ट आली आहे, भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून केलेलं सिमेंट, ज्याला एलसी-थ्री म्हणतात. त्यात क्लिंकर निम्म्यावर येतं. स्वित्झर्लंड, क्युबा आणि आपल्या आयआयटीतल्या संशोधकांनी यावर बरीच वर्षं काम केलं. पण भारतीय मानक नसेल तर कोणता कंत्राटदार ते वापरणार? ते मानक २०२३ मध्ये आलं. अशा मानकांच्या समित्यांत प्रतिस्पर्धी कंपन्यांचे लोक एका टेबलाशी बसतात आणि बसलंच पाहिजे. मानक झालं की मग उठा आणि भांडा, कोणाचं सिमेंट चांगलं आणि स्वस्त ते.

आता शेवटचं, आणि हे आपल्या सगळ्यांच्या खिशातलं आहे. आज सकाळी आपण शाळेच्या नव्या सभागृहासाठी निधी गोळा करायचं ठरवलं. संयोजकांनी लगेच मला आणि अठराला वेगवेगळं गाठून विचारलं, "सिमेंट कोणतं घ्यायचं?" आम्ही जेवताना बसून ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा आमचं दोघांचं एकमत झालं आहे, ते असं.

एक, पीपीसी किंवा स्लॅग सिमेंट घ्या. साध्या सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यात साधारण ४७ किलो क्लिंकर असतं, म्हणजे निव्वळ दगडातून सुटलेला जवळजवळ २५ किलो कार्बन डायऑक्साइड. पीपीसीत तीस टक्के राख असेल तर तोच आकडा १७ किलोवर येतो. दोन हजार पोती लागली असं धरलं तर एका सभागृहात जवळजवळ सोळा टन वाचले, आणि त्यात वाचलेला कोळसा मी धरलेलाच नाही. या वेळी आकडा कमी करूनच सांगतोय, अठरा समोर बसला आहे.

दोन, पीपीसीला ताकद यायला जरा वेळ लागतो आणि पाणी जास्त दिवस मारावं लागतं. आपल्याकडच्या उन्हात चौदा दिवस पाणी मारायचंच. कंत्राटदार सातव्या दिवशी पाइप गुंडाळायला लागला तर आम्हाला फोन करा, जो जवळ असेल तो येईल.

तीन, दर. दोन्ही कंपन्यांच्या डीलरांकडून आणि तिसऱ्या कोणाकडून तरी, बंद पाकिटात मागवा. पाकिटं मुख्याध्यापकांनी उघडावीत. त्या वेळी आम्हा दोघांना खोलीत बोलावू नका.

आणि एक माझं वैयक्तिक काम राहिलं आहे. गावातलं घर आवरताना आईच्या पेटीत माझं दहावीचं जर्नल सापडलं. तपकिरी कागदाचं कव्हर आहे अजून. पान क्रमांक चौदावर चुन्याच्या निवळीचा प्रयोग आहे, खाली सरांची लाल शाईतली सही. ते मी आज पिशवीत घेऊन आलो आहे. अठरा, जर्नल सरांकडून तपासून आलंय. घे, उतरवून काढ. परत द्यायची घाई नाही.